अट जर्मनीची, तयारी जुईनगरची

परदेशात शिकायला जायच्या गप्पा सुरू झाल्या की पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात. खर्च किती आणि सीजीपीए किती लागतो? भाषेचा विषय येतो सगळ्यात शेवटी, तोही ‘ते होईल रे’ या सुरात. जुईनगर, नेरुळ, सानपाडा, वाशी या पट्ट्यातल्या कुठल्याही कॉलेजच्या कट्ट्यावर बसून पाहा. एज्युकेशन लोन, ब्लॉक्ड अकाउंट, पार्ट टाइम जॉब यांची माहिती सगळ्यांना तोंडपाठ असते. पण ‘जर्मनची बी२ लेव्हल गाठायला किती तास लागतात?’ असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. खरं तर अर्जातल्या सगळ्या कागदांमध्ये शेवटच्या दोन महिन्यांत उभा न राहणारा कागद हाच. मार्कशीट कॉलेज देतं, पैसे बँक देते, शिफारसपत्र सर देतात. भाषा मात्र कुणी देत नाही. ती यावी लागते.

आधी अट नेमकी काय असते ते पाहू, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. इंग्रजीतून शिकवणारी बरीच विद्यापीठं आयईएलटीएस मागतात. ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं अशा चार भागांची ही परीक्षा. प्रत्येक भागाला ९ पैकी बँड मिळतो आणि चारांची सरासरी म्हणजे एकूण बँड. मागणी बहुतेक वेळा अशी असते: एकूण ६.५, आणि कुठल्याही भागात ६ पेक्षा कमी नको. आता समजा एखाद्याला ऐकण्यात ७, वाचनात ७, बोलण्यात ६.५ आणि लेखनात ५.५ मिळाले. सरासरी बरोबर ६.५. घरी पेढे वाटून झाले. पण अर्ज बाद! कारण लेखनाचा तो ५.५. परीक्षेची फी सतरा हजारांच्या पुढे आणि निकाल दोनच वर्षं ग्राह्य. संगणकावर परीक्षा दिली असेल तर एकच भाग पुन्हा देण्याची सोय आहे, पण सगळीच विद्यापीठं तो निकाल मान्य करतात असं नाही.

अर्धा बँड कमी पडतो तो लेखनातच का? कारण आपण कॉलेजमध्ये लिहितो कुठे? परीक्षेच्या आदल्या रात्री नोट्स वाचायच्या आणि सकाळी त्या पेपरवर उतरवायच्या, एवढंच आपलं लेखन. आयईएलटीएसमध्ये एखादा तक्ता किंवा आलेख पाहून दीडशे शब्द आणि एखाद्या प्रश्नावर स्वतःचं मत मांडून अडीचशे शब्द लिहायचे असतात. पाठ करून आणलेला निबंध परीक्षक ओळखतात आणि त्याचे मार्क कापतात. म्हणजे इथे इंग्रजीइतकीच विचार मांडण्याची सवय तपासली जाते. ती सवय महिन्याभराच्या क्रॅश कोर्सने लागत नाही.

जर्मन, फ्रेंच आणि जपानीची गणितं वेगळी. युरोपीय भाषांसाठी ए१ ते सी२ अशा सहा पायऱ्या आहेत. कौन्सिल ऑफ युरोपने २००१ मध्ये ही मोजपट्टी प्रसिद्ध केली आणि आता ती जगभर वापरली जाते. जर्मनमधून डिग्री करायची तर टेस्टडाफ परीक्षेच्या चारही भागांत टीडीएन ४ किंवा डीएसएच-२ अशी मागणी सर्रास असते. ढोबळमानाने सांगायचं तर बी२च्या वर, सी१च्या आसपास. फ्रान्समधली विद्यापीठं फ्रेंच अभ्यासक्रमांसाठी साधारण बी२ मागतात. जपानीची जेएलपीटी परीक्षा एन५ ते एन१ अशा पाच स्तरांत, वर्षातून दोनदाच, जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. जुलैची हुकली की थेट डिसेंबर.

आता तासांचा हिशोब करू. गोएथे इन्स्टिट्यूटच्या अंदाजाप्रमाणे शून्यापासून बी२पर्यंत पोचायला ४५ मिनिटांच्या ६०० ते ८०० तासिका लागतात. ६०० धरल्या तरी शिकवणीचे ४५० तास झाले. आठवड्याला सहा तास दिले तर ७५ आठवडे, म्हणजे जवळजवळ दीड वर्ष. घरचा अभ्यास वेगळा. परीक्षा, सबमिशन आणि गणपती-दिवाळी धरा, म्हणजे दोन वर्षं कुठे गेली कळणार नाही. जर्मनीत हिवाळी सेमिस्टर ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतं आणि बऱ्याच अभ्यासक्रमांची अर्जाची मुदत १५ जुलैला संपते. त्याआधी मार्कशीटची एपीएस पडताळणी व्हावी लागते. भारतीय विद्यार्थ्यांच्या व्हिसासाठी ती नोव्हेंबर २०२२ पासून बंधनकारक आहे. हे सगळं उलटं मोजत आलात तर जर्मनचा पहिला धडा पहिल्या नाहीतर दुसऱ्या वर्षाला गिरवावा लागतो. शेवटच्या सेमिस्टरला नाही.

‘पण माझा कोर्स तर इंग्रजीतून आहे, जर्मन कशाला?’ हा प्रश्न नेहमीचा, आणि अर्धा बरोबरही. जर्मनीतले कितीतरी मास्टर्स अभ्यासक्रम इंग्रजीतून चालतात. बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून सेमिस्टरला १५०० युरो घेतले जातात. प्रवेश इंग्रजीवर मिळेल हो. पण घरमालकाचा करार, डॉक्टर, सरकारी कार्यालयातली नोंदणी, सुपरमार्केटमधली पार्ट टाइम नोकरी आणि डिग्रीनंतरचे इंटरव्ह्यू? तिथे इंग्रजीचं प्रमाणपत्र कुणी बघत नाही. विद्यापीठाची अट आणि त्या देशाची अट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली लेखी असते. दुसरी तिथे उतरल्यावर कळते.

महाराष्ट्र सरकारलाही हे उमगलं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने याच बाडेन-वुर्टेमबर्गबरोबर कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्या योजनेत उमेदवारांना जायच्या आधी जर्मन शिकवण्याचा भाग होताच. हाताला कौशल्य असलं तरी भाषेशिवाय तिथे चालत नाही, हे सरकारी कागदावर मान्य झालं. मग डिग्री कॉलेजांनी ते का मानू नये?

आपल्याकडच्या मोठ्या माणसांनी ही अट कशी पार केली तेही आठवून पाहा. १९१३ मध्ये बावीस वर्षांचे भीमराव आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचले. तिथे त्यांनी अर्थशास्त्राचे २९ आणि इतिहासाचे ११ अभ्यासक्रम घेतले, ही नोंद अनेकांना माहीत असते. त्याच यादीत प्राथमिक फ्रेंचचा एक आणि प्राथमिक जर्मनचा एक अभ्यासक्रम आहे, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. त्या काळी अमेरिकेत पीएचडी करणाऱ्याला फ्रेंच आणि जर्मन वाचता येणं ही सर्वसाधारण अट असे. पुढे १९२१ मध्ये जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात नाव नोंदवताना बाबासाहेबांनी जर्मनमध्ये पत्र लिहिलं. इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या आणि १९३० मध्ये डॉक्टरेट घेऊन आल्या. मानवी कवटीवरचा त्यांचा प्रबंध जर्मन भाषेत आहे.

यात नुसतं ‘बघा, ते किती महान’ असं म्हणून थांबू नका. कोलंबियाने भाषेची अट घातली, आणि ती भाषा शिकवण्याची सोयही इतर विषयांच्या शेजारीच ठेवली. आमचा मुद्दा नेमका इथे आहे. आज अट परदेशातलं विद्यापीठ घालतं, डिग्री आपलं कॉलेज देतं, आणि मधली भाषेची जबाबदारी मात्र एकट्या विद्यार्थ्यावर पडते.

ती सगळ्यांवर सारखी पडत नाही. मुंबईत जर्मन शिकायची जुनी जागा म्हणजे काळा घोड्याचं मॅक्सम्युलर भवन. जुईनगरहून सीएसएमटीची हार्बर लोकल पकडली तरी जायला जवळजवळ तास आणि यायला तास. मुंबई विद्यापीठाचे जर्मन आणि फ्रेंचचे विभाग कलिना संकुलात. तिथे जायचं तर कुर्ल्याला उतरून बस नाहीतर रिक्षा. सकाळी लेक्चर, दुपारी प्रॅक्टिकल, संध्याकाळी घरच्या दुकानात हात किंवा शिकवण्या घेणं, अशा मुलाला किंवा मुलीला हा वेळ कुठून मिळणार? ज्याचा मोठा भाऊ आधी जाऊन आला त्याला सगळं पहिल्या वर्षालाच कळतं. जो घरातला पहिलाच पदवीधर आहे त्याला ते कळतं एखाद्या एजंटच्या ऑफिसात, शेवटच्या वर्षी, भरमसाट फीच्या पॅकेजसकट. हुशारीत दोघं सारखेच. फरक फक्त वेळेवर मिळालेल्या माहितीचा.

आणि भाषा शिकण्यात आपण कमी आहोत म्हणावं, तर तसंही नाही. जुईनगर-नेरुळ भागातली कितीतरी मुलं घरी आगरी बोलतात, शाळेत प्रमाण मराठी शिकली, लोकलमध्ये हिंदी बोलतात आणि कॉलेजचा पेपर इंग्रजीत लिहितात. चार भाषा रोज, तेही कुठला क्लास न लावता. वर मराठीचा आणखी एक फायदा आहे. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत म्हटल्यावर इंग्रजीवाले हबकतात. आपल्याला तो, ती, ते नवीन नाही. जर्मनमध्ये ‘मुलगी’साठीचा शब्द नपुंसकलिंगी आहे म्हणून हसू येतं, पण आपणही ‘ते पोरगं’ म्हणतोच की. विभक्ती शाळेत पाठ केलेली असतेच. जपानीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि नामाला प्रत्ययासारखे छोटे शब्द चिकटतात, अगदी मराठीसारखंच. शाळेत कंटाळून पाठ केलेलं मराठी व्याकरण असं उपयोगी पडतं. त्याची लाज कसली?

घोडं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. आपण भाषेकडे मार्कांचा विषय म्हणून बघतो. अकरावी-बारावीला स्कोअरिंग म्हणून जर्मन किंवा फ्रेंच घेणारे कितीतरी जण असतात. शेवटचा पेपर झाला की पुस्तक रद्दीत आणि भाषाही. तोच धागा डिग्रीची तीन-चार वर्षं सोडला नसता तर यातल्या अनेकांना शून्यापासून सुरुवात करावी लागली नसती. इंग्रजीचंही तसंच. ‘शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालं’ असं पत्र कॉलेज देतं आणि काही विद्यापीठं त्यावर समाधान मानतात. पण लेक्चरला समजावणं निम्मं हिंदी-मराठीत चालतं, हे पत्र देणाऱ्यालाही माहीत असतं आणि घेणाऱ्यालाही. ते पत्र प्रवेश देईल. तिथला पहिला सेमिनार मात्र तुमचा तुम्हालाच द्यायचा आहे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. जुईनगरच्या आसपासच्या कॉलेजांनी एकत्र येऊन लेक्चर संपल्यावर जर्मन, फ्रेंच, जपानीचे ए१ आणि ए२चे किंवा त्या तोडीचे वर्ग सुरू करावेत. एका कॉलेजला शिक्षक परवडत नसेल तर एक-दोन स्टेशनांवरच्या तीन कॉलेजांना मिळून परवडेल. नव्या शैक्षणिक धोरणात ओपन इलेक्टिव्हला क्रेडिट आहेत. त्यात परदेशी भाषेला नीट, सलग जागा द्यावी, एका सेमिस्टरची तोंडओळख करून सोडून देऊ नये. गरजू विद्यार्थ्यांच्या परीक्षा फीसाठी माजी विद्यार्थ्यांना हाक मारावी. आणि पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात, ओरिएंटेशनच्या भाषणांमध्ये, कुठल्या देशाला कुठली परीक्षा आणि तयारीला किती महिने, एवढा एक तक्ता पडद्यावर दाखवावा. याला पैसे लागत नाहीत.

विद्यार्थ्यांनी मात्र कॉलेज हलायची वाट बघू नये. डॉइचे वेलेचा ‘निकोस वेग’ हा ए१ ते बी१चा जर्मन अभ्यासक्रम मोफत आहे. जपानच्या एनएचकेचे सोप्या जपानीचे धडेही मोफत. मोबाइल आणि हेडफोन आहेतच. ट्रान्सहार्बरवर ठाण्यापर्यंतचा प्रवास रील्समध्ये जातो, त्यातली वीस मिनिटं द्या. आठवड्याला एक इंग्रजी निबंध, स्वतःच्या मताचा, मित्राकडून लाल पेनाने तपासून घ्या. सहा महिन्यांनी भाषा झेपत नाही असं वाटलं तर देश बदला, कोर्स बदला, इथेच राहा. तो निर्णयही मग माहितीवर घेतलेला असेल, अर्ध्या बँडने लादलेला नसेल.

जाणं न जाणं ज्याचं त्याचं. कुणी जर्मनीत स्थायिक होईल, कुणी पुण्यातल्या जपानी कंपनीत लागेल, कुणी इथेच भाषा शिकवेल. शिकलेली भाषा यांपैकी कुठेही वाया जात नाही. वाया जातं ते वर्ष. अट माहीत असूनही ‘होईल रे’ म्हणत काढलेलं.