आधी डॉक्टर, मग पेढे

स्थळाच्या बाजारात चष्मा चालतो, थोडी कमी उंचीही चालते. पण ‘रेडिओअ‍ॅक्टिव्ह’ हा शब्द निघाला की पत्रिका परत! थायरॉइडसाठी रेडिओअ‍ॅक्टिव्ह आयोडीन घेतलेल्या मुलीला मूल होत नाही, असं चांगले शिकलेले लोकही छातीठोकपणे सांगतात.

ट्रीटमेंट काही कालची नाही. बोस्टनमध्ये डॉ. सॉल हर्ट्झ यांनी १९४१ मध्ये पहिल्या पेशंटला ती दिली. आपल्या परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ चं. फंडा सिंपल आहे. थायरॉइड ग्रंथी आयोडीनची भुकेली. आयोडीन-१३१ ची कॅप्सूल घेतली की ती ते खेचून घेते आणि आतल्या आत गार पडते. उरलेलं बरंचसं काही दिवसांत लघवीवाटे बाहेर. ‘भरपूर पाणी प्या, लघवी तुंबवू नका’ हे त्यासाठीच. ब्लॅडरच्या शेजारीच ओव्हरीज असतात ना!

म्हणजे ओव्हरीजना थोडं रेडिएशन मिळतं, हे खरं. कॅन्सरसाठी मोठा डोस घेतलेल्या काही जणींची पाळी काही महिने बिघडते. पस्तिशी ओलांडली असेल तर डॉक्टरांशी आधीच बोलून घ्यावं. पण नेहमीच्या डोसने कायमचं वंध्यत्व येतं, असं दिसलेलं नाही. उलट वाढलेला थायरॉइड तसाच अंगावर काढला, तर पाळीही बिघडते आणि गर्भपाताचा धोकाही वाढतो.

माझ्या एका मैत्रिणीला ग्रेव्हज डिसीज आहे. कॅप्सूलच्या आधी तिला प्रेग्नन्सी टेस्ट सांगितली. काकू शेजारीच बसलेल्या. ‘अहो, लग्न व्हायचंय तिचं!’ डॉक्टर शांतपणे म्हणाले, सगळ्यांचीच करतो. बरोबरच आहे. गर्भाची थायरॉइड दहाव्या-बाराव्या आठवड्यापासून आयोडीन ओढायला लागते. अशा वेळी कॅप्सूल म्हणजे बाळाच्या ग्रंथीवरच घाला. बाळाला पाजणाऱ्या आईलाही हे चालत नाही, किमान ६ आठवडे आधी अंगावरचं दूध बंद करावं लागतं.

बाहेर आल्यावर काकूंचा प्रश्न होता, ‘मुलाकडच्यांना सांगायचं का?’ मैत्रीण म्हणाली, ‘सांगणारच. सहा महिने थांबायचंय, ते लपवून कसं थांबू?’

हे सहा महिनेच काय ते महत्त्वाचे. बायकांनी साधारण तेवढं थांबायचं, पुरुषांनी ३ ते ४ महिने, कारण शुक्राणूंची नवी बॅच तयार व्हायला अडीच महिने लागतात. (पुरुषही ही कॅप्सूल घेतात बरं का. कॅन्सरसाठी पुन्हा पुन्हा मोठे डोस लागणार असतील, तर स्पर्म आधी फ्रीझ करण्याचा सल्ला देतात. स्थळ बघताना त्यांना हे कोण विचारतं?) आणि आयोडीन-१३१ दर ८ दिवसांनी निम्मं होतं, म्हणजे थांबायचं ते फक्त रेडिएशनसाठी नाही. ग्रंथी थंडावली की बहुतेकांना थायरॉक्सिनची गोळी लागते, कायमची. तिचा डोस बसायला वेळ जातो.

पुढे टेस्ट पॉझिटिव्ह आली की पेढ्यांच्या आधी डॉक्टरांना फोन. गरोदरपणात थायरॉक्सिन बहुतेक वेळा वाढवावं लागतं, तेही पहिल्या काही आठवड्यांतच. आणि ग्रेव्हज असेल तर अँटिबॉडीजची टेस्ट मागून घ्या. ग्रंथी गार पडली तरी त्या रक्तात राहू शकतात आणि वारेतून बाळापर्यंत पोचतात.