मागचे चार प्लग

२००३ ते २००८ या काळातली होंडा सिटी ज्यांनी उघडली आहे, त्यांना शीर्षकाचा अर्थ सांगायला नको. आय-डीएसआय इंजिन. सिलिंडर चार, स्पार्क प्लग आठ आणि कॉइलही आठ. पुढचे चार प्लग बॉनेट उघडलं की हाताशी येतात. मागचे चार काचेच्या बाजूला दडलेले. वायपर आणि त्याखालचं काउल उतरवल्याशिवाय तिथे पाना पोचत नाही. त्यामुळे या गाड्यांच्या आयुष्यात पुढचे प्लग चार-पाच वेळा बदलले गेले आणि मागचे कारखान्यातून आले तसेच राहिले, हे चित्र आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिलं आहे.

मी ते नुसतं पाहिलेलं नाही, केलंही आहे. गॅरेज टाकल्यावरच्या पहिल्या वर्षांत अशी एक गाडी आली. चढावर धक्के देते, अ‍ॅव्हरेज पडलंय, अशी तक्रार होती. पुढचे चार प्लग बदलले आणि ‘प्लग नवीन टाकलेत’ असं सांगून गाडी दिली. महिन्यात परत आली. मग एक कॉइल बदलली. पुन्हा आली, तेव्हा इंजेक्टर साफ केले. चौथ्या खेपेला दुपारभर बसून काउल काढलं, तर मागच्या प्लगांचे इलेक्ट्रोड झिजून गेलेले. गिऱ्हाइकाने तोवर तीन बिलं भरली होती. त्यातलं एकही खोटं नव्हतं. कॉइल नवी होती, इंजेक्टर खरंच साफ केले होते. चुकलं होतं ते निदान, आणि त्याचा दंड मी गिऱ्हाइकाकडून वसूल केला होता.

जुनी सेडान ‘परवडत नाही’ असं लोक म्हणतात, त्यात सुट्या भागांच्या किमतीचा वाटा आपण समजतो तेवढा मोठा नाही. सिटीचे भाग आजही तालुक्याच्या दुकानात मिळतात, नाही तर कुर्ल्याच्या बाजारात नक्की मिळतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटीही २८ टक्क्यांवरून १८ वर आला. महाग पडतो तो अंदाज. आपण भाग विकतो आणि निदान फुकट देतो. फुकटच्या कामाला वेळ कोण देणार? मग एकेक भाग बदलून पाहायचा आणि तपासणीची मजुरी त्या भागाच्या नफ्यात लपवायची, ही आपल्या धंद्याची सवय झाली आहे.

एसीचं उदाहरण घ्या. मार्च उजाडला की जुन्या गाड्यांची रांग लागते आणि आपण गॅस भरून देतो. गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतोय. नायट्रोजनचं प्रेशर लावलं, डाय घालून दिवा फिरवला, तर कंडेन्सर गळतोय की पाइपचा सांधा, हे कळतं. कूलिंग कॉइल निघाली तर डॅशबोर्ड उतरवावा लागतो, आणि ते काम टाळण्यासाठीच दर उन्हाळ्याला गॅस भरला जातो. तीन उन्हाळ्यांच्या गॅसची बेरीज एकदा करून पाहा. वर कमी गॅसबरोबर तेलही कमी फिरतं आणि शेवटी कॉम्प्रेसर बसतो, तो हिशेब वेगळाच.

ऑटोमॅटिक गाड्यांत चूक याहून महाग पडते. नाव एकच, सिटी; पण जुन्या झेडएक्समधला सीव्हीटी स्टार्ट क्लचवर चालतो आणि त्याला एचएमएम फ्लुइड लागतं. २००८ ते २०१३ च्या गाडीत पाच गिअरचा टॉर्क कन्व्हर्टरवाला गिअरबॉक्स, त्याला एटीएफ. २०१४ नंतरच्या सीव्हीटीला एचसीएफ-२. डब्यावर ‘ऑटोमॅटिक’ लिहिलंय म्हणून झेडएक्समध्ये साधं एटीएफ ओतणारे महाभाग अजून आहेत. गाडी उठताना थरथरते ती बरेचदा जुन्या झालेल्या फ्लुइडमुळे, आणि योग्य फ्लुइड बदललं की थांबते. तिथे ‘गिअरबॉक्स उघडावा लागेल’ असं सांगितलं, तर बिल गाडीच्या बाजारभावाला टेकतं.

सीएनजी लावलेल्या गाड्यांबद्दल थोडं सविस्तर. या इंजिनांत हायड्रॉलिक टॅपेट नाहीत. स्क्रू आणि लॉकनट वापरून क्लिअरन्स लावावा लागतो, तोही इंजिन थंड असताना. टॅपेट वाजले की गिऱ्हाईक घाबरून धावत येतं. खरी भीती आवाज बंद होतो तेव्हाची आहे. सीएनजीवर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो, क्लिअरन्स कमी होत जातो आणि इंजिन छान शांत वाटू लागतं. मग सकाळी सुरू करताना मिसिंग येतं, कॉम्प्रेशन पडतं आणि एक दिवस व्हॉल्व्ह जळतो. टॅपेट लावायला एक सकाळ पुरते. हेड उतरवून सीटचं काम करायचं तर बिल पाच आकडी होतं. ‘इंजिन मस्त शांत आहे’ असं कुणी कौतुकाने सांगितलं, तर फीलर गेज काढा.

लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, इंजिन माउंटिंग याबद्दल नव्याने काय सांगायचं? आपले रस्ते ते शिकवतातच. फक्त खडखडाट ऐकला की थेट स्टीअरिंग रॅकवर बोट ठेवू नका. आधी लिंक रॉड सोडवून गाडी फिरवून आणा.

एक काम मात्र पैशाच्या पलीकडचं आहे. २००७ ते २०१३ च्या सिटींचा समावेश ताकाता एअरबॅगच्या रिकॉलमध्ये होता. त्या इन्फ्लेटरमधलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने बिघडतं आणि बॅग फुगताना धातूचे तुकडे माणसावर उडू शकतात. मुंबई-कोकणात दमटपणाची कमतरता नाही. तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे गेलेल्या गाडीचं रिकॉलचं पत्र पहिल्याच मालकाच्या पत्त्यावर पडून राहतं. चेसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकायला दोन मिनिटं लागतात आणि बदली फुकट होते. यात आपल्याला एक रुपया सुटत नाही, तरीही हे काम आपलंच आहे, कारण त्या गाडीजवळ आता आपल्याशिवाय जाणकार कुणी फिरकत नाही.

पंधरा वर्षं झालेल्या गाडीचा मालक आज नोंदणीचं नूतनीकरण, पर्यावरण कर, विमा असा सगळा हिशेब मांडून आपल्याकडे येतो. त्याला ‘बघू, उघडल्यावर कळेल’ हे उत्तर नको असतं. तपासणीची मजुरी आधी सांगा, वेगळी लिहा आणि ठामपणे घ्या. डॉक्टरची फी औषधाच्या दुकानात भरणारं कुणी नसतं. पहिले काही महिने दोन-चार गिऱ्हाइकं शेजारच्या गॅरेजात जातील. माझीही गेली होती. त्यातली काही वर्षभरात परतली, ती आधी तिकडे दोन बिलं भरून.

या अंकाच्या मधल्या पानावर जुन्या सेडानसाठी तपासणी-पत्रकाचा नमुना दिला आहे. हवा तसा बदलून छापून घ्या. त्यात प्लगसाठी एक चौकट नाही, दोन आहेत: पुढचे आणि मागचे.