बोक्याचा रुसवा की दुखणे?

बोक्याची नसबंदी होऊन दोन-तीन वर्षे लोटलेली असतात. इतके दिवस तो नेमाने वाळूच्या ट्रेमध्येच जात असतो. आणि एके सकाळी गादी ओली आढळते, दुसऱ्या दिवशी दिवाणखान्याचा कोपरा. 'शस्त्रक्रिया फुकट गेली', 'हा मुद्दाम सूड उगवतो आहे', असे म्हणून आपण त्याला मारतो किंवा कोंडून ठेवतो. हे दोन्ही समज चुकीचे आहेत.

प्रथम तो लघवी कशी करतो ते पाहावे. उभे राहून, शेपूट थरथरवीत भिंतीवर फवारा उडवीत असेल, तर ती हद्द दाखविण्याची खूण होय. नसबंदीने ही सवय बहुतेक बोक्यांत सुटते. तथापि सुमारे १० टक्के बोक्यांत ती राहते, व खिडकीबाहेर परका बोका फिरू लागला की उफाळून येते.

याउलट तो जमिनीवर वा अंथरुणावर खाली बसत असेल, तर दुखण्याची शंका घ्यावी. मूत्राशयाचा दाह, खडे, उतारवयात मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह, ही त्याची कारणे असू शकतात. ट्रेमध्ये बसले की वेदना होतात, असे एकदा मनात बसले म्हणजे बोका ट्रेच टाळू लागतो.

एक गोष्ट मात्र घरातील सर्वांनी ध्यानात ठेवावी. बोक्याची मूत्रनलिका फार अरुंद असते. तो वारंवार बसून कुंथत असेल, ओरडत असेल आणि थेंबही पडत नसेल, तर नलिका तुंबली आहे असे समजावे. पुष्कळ लोक याला बद्धकोष्ठ समजून थांबतात. अशा स्थितीत रक्तातील पोटॅशियम वाढून दोन-तीन दिवसांत प्राण जाऊ शकतो. सकाळची वाट न पाहता त्याला पशुवैद्याकडे न्यावे.

दुखणे नाही असे ठरल्यावर ट्रेकडे वळावे. घरात मांजरे जितकी, त्याहून ट्रे एक अधिक असावा. तो जेवणाच्या जागेपासून दूर, निवांत ठिकाणी ठेवावा. घाण रोज काढावी. वाळू सुगंधी नसावी. म्हाताऱ्या बोक्यासाठी ट्रेची कड बुटकी हवी. नवे घर, नवे बाळ, पाहुण्यांची वर्दळ यांनीही बोका बिथरतो. त्यास लपण्यास एक शांत कोपरा द्यावा व पाणी भरपूर पाजावे.

ओली जागा एन्झाइमयुक्त द्रावाने धुवावी. अमोनियाच्या वासाने बोका पुन्हा तेथेच येतो, आणि फिनॉल असलेली काळी फिनेल मांजरांना विषारी असते.

ओली गादी उन्हात वाळेल. पण मार खाल्लेला बोका आपले दुखणे अधिकच लपवील. म्हणून हात उगारण्यापूर्वी त्याला काही होते आहे का, एवढे आपण पाहावे.