हळदीकुंकवात दुकान नको

आमच्या बारामतीतल्या जळोचीच्या बचत गटापुढे नुकताच कर्जाचा एक अर्ज आला. शिलाई मशीन, शेळ्या, मुलांची फी, पिठाची गिरणी, असले अर्ज आम्हाला नवे नाहीत. हा होता सौंदर्यप्रसाधनांच्या मालासाठी, बारा हजारांचा. अर्ज करणारी मुलगी पदवीधर आहे, बोलायला धीट. नवरा एमआयडीसीत कंत्राटी कामावर, पदरात तान्हं मूल. कुणाच्या तरी घरी बायका जमवायच्या, एकीच्या चेहऱ्याला क्रीम लावून दाखवायचं आणि ऑर्डरी लिहून घ्यायच्या, असं हे काम. "ताई, घर सोडावं लागत नाही. बाळाला कडेवर घेऊन करता येतं," ती म्हणाली.

तिचं हे म्हणणं खरं आहे आणि त्याचा विचार न करता तिला 'नको' म्हणण्याचा हक्क कुणालाच नाही. टेक्स्टाइल पार्कात बायकांना काम मिळतं, पण पाळीची वेळ गाठायची तर बाळ कुणापाशी ठेवायचं? खुरपणीला जायचं तरी तीच अडचण. सासू असली तर निभतं, नसली तर शिक्षण घरातच राहतं. स्वतःच्या नावावर चार पैसे असावेत ही तिची ओढ मला मनापासून पटते. तरीही या कर्जाला मी विरोध केला.

आधी हिशोब. छापील किमतीचा पंधरा हजारांचा माल तिला कंपनीकडून बारा हजारांना मिळणार होता. म्हणजे सगळाच्या सगळा विकला गेला तर सुटणार तीन हजार. त्यातून दाखवण्यासाठी फोडलेल्या बाटल्या वजा करा, जिच्या घरी बायका जमल्या तिला द्यायची भेट वजा करा, चहा-चिवडा वजा करा, गटाचं व्याज वजा करा. राहिली उधारी. आमच्याकडे लिपस्टिक घेताना "पगार झाला की देते" म्हणणाऱ्या पुष्कळ. तो पगार झाला तरी मैत्रिणीच्या दारात जाऊन दीडशे रुपये मागणं किती जड जातं, हे ज्यांनी मागितलेत त्यांनाच ठाऊक.

हे गणित मांडलं तेव्हा ती म्हणाली, "विक्रीत एवढं नाहीच ताई. खाली बायका जोडल्या की खरी कमाई." तिला तिच्या वरच्या बाईने हेच शिकवलं होतं. माझी खरी हरकत इथेच आहे. विक्रीत पैसे नसतील आणि जोडण्यात असतील, तर ते पैसे येतात कुठून? नव्याने जोडलेल्या बाईने भरलेल्या स्टॉकमधून. ती आपल्याच गल्लीतली, आपल्याच गटातली. एप्रिल २०२२ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने अॅमवे इंडिया या थेट विक्रीच्या कंपनीच्या ७५७ कोटींहून अधिक किमतीच्या मालमत्तेवर टाच आणली, तेव्हा आरोप याच स्वरूपाचा होता: माल विकण्यापेक्षा सभासद होऊन श्रीमंत कसं व्हायचं, यावरच सगळा भर. आपण चौकशीला सहकार्य करत आहोत, असं कंपनीने तेव्हा सांगितलं होतं. थेट विक्री हा बेकायदा धंदा नाही, हेही सांगायला हवं. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने त्यासाठी ग्राहक संरक्षण कायद्याखाली नियम केले. साखळी योजनांना त्यात बंदी आहे. विक्रेतीने ओळखपत्र बाळगायचं आणि आधी विचारल्याशिवाय कुणाच्या घरी जायचं नाही, असंही त्यात लिहिलेलं आहे. या मुलीला यातलं काहीच कुणी सांगितलेलं नव्हतं.

पण कायदा सगळं पाहू शकत नाही. आमच्याकडे या विक्रीला सगळ्यात सोयीची जागा म्हणजे भिशी आणि संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचं हळदीकुंकू. बायका आयत्याच जमलेल्या असतात. वाण घ्यायला आलेली बाई पाटावर टेकते, समोर ट्रे येतो, मनगटावर क्रीम चोळलं जातं आणि सगळ्यांसमोर तिला विचारलं जातं, "तुला कुठलं लिहू?" घरची वहिनी विचारते आहे, नाही कसं म्हणणार? ही भीडच खरा माल खपवते. ज्या बाईच्या कमरेच्या पिशवीत पन्नासच रुपये आहेत, ती पुढच्या वर्षी काहीतरी निमित्त काढून यायचं टाळते. हे मी पाहिलंय आणि मला ते सहन होत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हापासून आमच्या गटातही मी हट्टाने विधवांसह सगळ्यांना हळदीकुंकवाला बोलावते. काहींची नाराजी ओढवून घेतली, पण त्या बायका आता येतात, बसतात, हसतात. कपाळाची अट काढली ती पैशाची अट घालायला नाही.

आणखी एक गोष्ट राहून राहून खुपते. या बैठकांमध्ये डेमोसाठी नेमकी सावळी मुलगी पुढे बसवतात. अर्धा चेहरा 'उजळून' दाखवतात. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं गोरेपणाच्या क्रीमने बिघडल्याचं २०२३ मध्ये उजेडात आलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या तपासणीत त्या क्रीममध्ये पारा सापडला होता. ते क्रीम ब्यूटीशियनकडून आलेलं होतं, म्हणजे विश्वासाच्या बाईकडूनच. डबीवर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत नसेल तर ती डबी कितीही जवळच्या माणसाने दिली तरी परत करावी.

मग या मुलीने करायचं काय? तिच्या हाताला वळण आहे, मेंदी सुरेख काढते. माझं म्हणणं असं की, गटाने तिला मालासाठी नाही, पार्लरच्या शिक्षणासाठी कर्ज द्यावं. बारामतीत लग्नसराईत नवरीच्या मेकअपला बायका आपणहून पैसे मोजतात आणि ते कसबाचे असतात. त्यातही वेळ लागेल, बाळ आहेच, पहिल्या वर्षी फार सुटणार नाही. पण पुण्यातल्या भीमथडी जत्रेत स्टॉल लावणाऱ्या गटांच्या बायका मी बघते. त्यांच्या पापड-मसाल्याची चव अनोळखी पुणेकर घेतो आणि आवडली तरच पाकीट उचलतो. जो आपलं काही लागत नाही, त्याने विकत घेतलं तर तो धंदा.

गटाचा निर्णय पुढच्या बैठकीवर गेला आहे. तोवर मी तिला कंपनीचा लेखी करार मागवायला सांगितलंय. दंड न भरता करारातून बाहेर पडायला किती दिवसांची मुदत आहे आणि न खपलेला माल कंपनी परत घेते का, हे आम्ही दोघी मिळून वाचणार आहोत. अशा स्टॉकमध्ये आधीच अडकलेल्या बायकांनीही घरात रडत बसण्याआधी आपला करार काढून बघावा. आणि ग्राहक म्हणून फसवल्या गेल्या असाल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५.