शब्दांची यादी आणि व्याख्यान

इंग्रजी शब्दसंग्रह वाढवावयाचा म्हणजे शब्दांची यादी घोकावयाची, अशी जी समजूत शाळेपासून स्पर्धापरीक्षांच्या शिकवणीवर्गांपर्यंत दृढमूल झाली आहे, तिचा फेरविचार होणे अगत्याचे आहे. कारण यादी शब्दाचा अर्थ देते, पण तो कोणत्या क्रियापदाशी जुळतो आणि कोणत्या प्रसंगी शोभतो, याविषयी ती मौन पाळते. शब्द त्याच्या सोबत्यांवरून ओळखावा, हा जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने १९५७ साली मांडलेला विचार आपल्या वर्गांत अद्याप शिरलेला नाही.

याउलट एखादे सलग व्याख्यान काय देऊ शकते, याचा दाखला म्हणून संगणकशास्त्राचे अमेरिकन प्राध्यापक रँडी पॉश यांचे, नोव्हेंबर २००७ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात झालेले, वेळेच्या नियोजनावरील भाषण पाहावे. स्वादुपिंडाच्या असाध्य कर्करोगाने ज्यांच्या आयुष्याची मुदत थोड्या महिन्यांवर आणून ठेवली होती आणि जे जुलै २००८ मध्ये निवर्तले, ते हे गृहस्थ टेबलावरील कागदपत्रांची व्यवस्था, दूरध्वनी आटोपता घेण्याच्या युक्त्या आणि अप्रिय काम प्रथम उरकण्याची निकड यांविषयी प्रसन्न विनोदाने बोलतात. महत्त्वाची व बिनमहत्त्वाची, तातडीची व बिनतातडीची अशी कामांची चार चौकोनांत वाटणी ते करून दाखवितात, तेव्हा विजेच्या बिलावरील 'ड्यू डेट'पुरताच परिचित असलेला 'ड्यू' हा शब्द श्रोत्याला कामाच्या संदर्भात भेटतो. 'डेडलाइन' पाळली वा चुकली हे सांगताना 'मीट' आणि 'मिस' ही क्रियापदे वापरतात, हेही अशीच भाषणे ऐकता ऐकता, वेगळे पाठांतर न करता, अंगवळणी पडते.

परकी बोली वेगवान असते, हा आक्षेप खरा. परंतु दहा मिनिटांचाच भाग घेऊन तो एकदा नुसता, एकदा पडद्यावरील अक्षरांसह आणि एकदा टाचण करीत ऐकला, तर ही अडचण बव्हंशी दूर होते. टाचणात सुटा शब्द न लिहिता संपूर्ण वाक्य उतरवावे, आणि पुढील आठवड्यात आपल्या दिनक्रमाचा जमाखर्च त्याच शब्दांत मांडावा. ज्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या, तिच्यातही शब्दांमागोमाग भाषांतरासाठी वाक्ये येत असत. आपण मात्र शब्द तेवढे उचलले.

विद्यार्थी परीक्षेच्या रोखानेच अभ्यास करणार, हे उघड आहे. म्हणून समानार्थी-विरुद्धार्थी शब्दांची झडती घेणाऱ्या प्रश्नांचे काही गुण कमी करून, ऐकविलेल्या भाषणाचा गोषवारा स्वतःच्या इंग्रजीत लिहावयास लावणारा एक प्रश्न सक्तीचा करण्याची तजवीज शिक्षण खात्याने करावी.