स्वातंत्र्य कुणाचे, हा पहिला सवाल!

राजाची मक्तेदारी मोडली, व्यापार खुला झाला आणि स्वातंत्र्याचे युग आले, असा युरोपचा इतिहास आम्हाला शिकवला जातो. आमचा सवाल साधा आहे, स्वातंत्र्य कुणाला मिळाले?

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने १६७२ साली रॉयल आफ्रिकन कंपनीला सनद दिली. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील व्यापाराचा मक्ता, तोही तब्बल १००० वर्षांसाठी! हस्तिदंत, कातडी, मेण यांच्याच यादीत गुलाम माणसेही माल म्हणून नोंदवली गेली. कंपनीचा प्रमुख राजाचा सख्खा भाऊ जेम्स. स्वातंत्र्याचा तत्त्वज्ञ म्हणून मिरवला जाणारा जॉन लॉक हाही तिचा भागधारक. माणसे विकण्याच्या धंद्याला राजमुद्रेने कायद्याची प्रतिष्ठा दिली.

पुढे हाच जेम्स राजा झाला आणि १६८८ च्या क्रांतीत त्याची गादी गेली. खासगी व्यापाऱ्यांना जोर चढला. मक्तेदारी हा जुलूम आहे, व्यापार हा इंग्रजांचा हक्क आहे, असा धोशा त्यांनी पार्लमेंटपुढे लावला. १६९८ साली पार्लमेंटने १० टक्के कर लावून हा धंदा सर्व इंग्रज व्यापाऱ्यांना खुला केला. परिणाम काय झाला? इंग्रजी जहाजांतून नेल्या जाणाऱ्या गुलामांची संख्या घटली नाही, उलट वाढली. व्यापारी स्वतंत्र झाले, आफ्रिकन माणसाच्या पायातली बेडी तशीच राहिली. राजा आणि व्यापारी यांच्या भांडणात त्याला कुणी विचारलेच नाही.

गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा १८३३ साली झाला, तेव्हाही २ कोटी पौंडांची भरपाई मालकांना मिळाली. राबणाऱ्यांना छदामही नाही! आणि हा कायदा काही दयेपोटी आला नव्हता. हैतीचे गुलाम १७९१ साली उठले आणि १८०४ साली त्यांनी स्वतःचे राष्ट्र उभे केले. जमैकात १८३१ साली सॅम्युएल शार्प यांच्या हाकेने हजारो गुलामांनी काम नाकारले. शार्प फासावर गेले, पण गुलामीचा पाया खिळखिळा झाला.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केला, तो हे नाते ओळखूनच. म्हणून सत्ता राजाकडून बाजाराकडे गेली की टाळ्या वाजवण्याची घाई आम्ही करणार नाही. सर्वांत खाली दबलेल्या माणसाची बेडी तुटली का, एवढेच आम्ही आधी पाहू.