वायतुऱ्याची ओळख

फुलाची ओळख पटवावयाची तर ते तोडून वहीत दाबावे, असा आमचा तीस वर्षांचा परिपाठ. बेळगावच्या आमच्या शाळेत अशा वह्यांची चळतच आहे. गेल्या श्रावणात सातवीची मुले घेऊन आम्ही साताऱ्यानजीकच्या कास पठारावर गेलो आणि तो परिपाठ आम्हांस मोडावा लागला.

जांभ्या दगडाच्या त्या सड्यावर पावसाळ्यात उथळ डबकी साचतात. एका डबक्यात लांबट पाने पसरली होती आणि वर गुलाबी-जांभळे तुरे डोलत होते. सोबतच्या स्थानिक तरुणाने नाव सांगितले, "वायतुरा." आम्ही पडलो मराठीचे एम. ए.! 'वायू'पासून व्युत्पत्ती लावून मोकळे झालो. तरुण संकोचून म्हणाला, "गुरुजी, तुरा बघा की. इंग्रजीतल्या वायसारखा आहे." मुले हसली, आम्हीही हसलो.

खरी खूण तीच. दांडा एकच, पण शेंड्याशी तो दुभंगतो आणि त्याचे दोन तुरे होतात. याच कुळातील, तळ्यांत आढळणाऱ्या एका भावंडाचा तुरा एकेरी असतो. शास्त्रज्ञ यास 'अपोनोजेटॉन सातारेन्सिस' म्हणतात. सह्याद्रीच्या उत्तर भागाबाहेर तो जगात कोठेही उगवत नाही. वनस्पती बहुवर्षायू आहे. पाणी आटले की पाने जातात, कंद तेवढा मातीत राहतो व पावसाबरोबर पुन्हा फुटतो. वैशाखात येणारा याच कातळास पडीक म्हणेल.

इतक्यात एका मुलाने वहीसाठी तुऱ्यास हात घातला. "तोडू नकोस," तरुण म्हणाला. "यात नर झाड निराळे, मादी झाड निराळे. मादीचा तुरा गेला की त्याचे बी गेले." मुलाने आमच्याकडे पाहिले. तोडण्याची शिकवण आमचीच. त्यास काय बोलणार?

मुलांना काठावरच बसवून आम्ही चित्रे काढावयास सांगितली. ती वेडीवाकडी आली, पण प्रत्येकात तुरा दुभंगलेला होता. वहीत दाबलेले फूल इतके निरखून कोणी पाहिल्याचे आम्हांस स्मरत नाही.

वाचकहो, पश्चिम घाटासमवेत कास २०१२ साली जागतिक वारशात गणले गेले. आमच्या बाजूसही चोर्ल्याचे सडे आहेत. येत्या पावसाळ्यात मुलांना तेथे नेणार आहोत. वही-पेन्सिल बरोबर असेल. फुले दाबावयाचे जाड पुस्तक मात्र घरीच राहील.